नऊ ते पाच ठिपके, त्यात एक कमी

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. कुठल्याही पिकअप गाडीत बसलो की माझी मान आपोआप वर जाते आणि मी टपाच्या आतल्या कापडाकडे बघत राहतो. बायको म्हणते, "निवृत्त झालात, आता तरी लोकांच्या गाड्या तपासणं सोडा." तिला काय सांगणार? मी गाडी तपासत नसतो. नोकरीतला एक फार चांगला दिवस आणि त्याच्या आधीचा एक वाईट दिवस मला त्या कापडापाशी आठवतो.

तेव्हा मी जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सगळा केळीचा पट्टा. सकाळची हजेरी, ड्यूटी वाटप, स्टेशन डायरीवर सही आणि मग बाहेर बाकावर बसलेली माणसं, असा रोजचा क्रम. बाकावरच्या माणसांकडे मी आधी खिडकीतून बघून घ्यायचो. खरं दुखणं घेऊन आलेला माणूस बाकाच्या टोकावर बसतो आणि भांडायला आलेला मध्ये, हा माझा ठोकताळा होता. या प्रकरणात त्यानं मला साफ तोंडघशी पाडलं, कारण ते जोडपं बाकावर बसलंच नाही. दोघंही उभीच होती.

नवरा चाळिशीचा, रावेर तालुक्यातल्या एका गावचा. स्वतःची पिकअप चालवायचा, बागेतून केळीचे घड भरून ट्रक लागतात तिथपर्यंत पोचवायचा. दुपारी तीनच्या सुमारास बागेच्या बांधावरून त्याची गाडी गेली होती. "आम्ही आंब्याखाली भाकर खायला बसलो, साहेब. उठलो तं गाडी नाही," एवढंच तो परत परत सांगत होता. चावी कुठं होती, असं विचारलं तर म्हणाला, खिशात होती, आणि खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली.

गुन्हा दाखल झाला. माझा एक हवालदार होता, अंगानं जाड आणि स्वभावानं चिवट. तो बागेवर जाऊन केळी भरणाऱ्या मजुरांचे जबाब घेऊन आला आणि मला म्हणाला, "साहेब, खिशातली चावी घरची आहे. दुसरी. रोजची चावी गाडीलाच होती."

इथे केळीच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. घड कापले जातात तसतशी गाडी बांधानं दहा-दहा पावलं पुढे घ्यावी लागते. प्रत्येक वेळी चालकाला हाक कोण मारणार? म्हणून चावी गाडीलाच ठेवायची आणि जो जवळ असेल त्यानं गाडी पुढे घ्यायची. या पट्ट्यात सगळेच असं करतात. त्या दिवशी जवळ असलेला माणूस चोर निघाला, एवढंच. पण चहाच्या टपरीवर कुणीतरी आमच्या गाडीवाल्याच्या डोक्यात भरवलं की चावी गाडीला होती म्हणालास तर विमा विसर. म्हणून त्यानं घरची चावी खिशात घातली आणि पोलिसांसमोर खोटं बोलला.

मला खोटं सापडलं की माझं डोकं फिरायचं. माझा तो दोष सगळ्या ठाण्याला माहीत होता. मी त्याला बोलावलं आणि चार माणसांसमोर फाडून खाल्लं. "गाडी विकून टाकलीस, आणि वर आमच्याकडे फिर्याद घेऊन येतोस?" तो खाली मान घालून उभा राहिला. दारात उभी असलेली त्याची बायको मात्र बोलली.

"साहेब, चावीचं खोटं हाये. गाडीचं खरं हाये."

मी तिलाही गप्प बसवलं. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण पोलिसानं आठवणी लिहायच्या तर आपल्या शौर्याच्याच का लिहाव्यात?

पुढचे दोन महिने तपासात काही हाती लागलं नाही. शेवटी मी 'ब समरी' तयार करायला सांगितली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, 'ब समरी' म्हणजे फिर्याद खोटी आहे असा न्यायालयाला पाठवायचा अहवाल. तो मंजूर झाला की फिर्यादीवरच कारवाई होऊ शकते. कागद टाईप होऊन माझ्या टेबलावर सहीसाठी पडला होता. गावात तर लोकांनी निकाल आधीच लावून टाकला होता. यानं गाडी धुळ्याकडे विकली आणि आता बोंब मारतोय, असं जो तो बोलत होता. त्याची गाडी गेली होतीच, पण आता दुसऱ्याची गाडी चालवायलाही त्याला कोणी बोलवेना. स्वतःच्या गाडीला जो प्रामाणिक नाही त्याच्या हातात आपली चावी कोण देणार?

सही करायचं राहून जात होतं, त्याचं श्रेय माझं नाही. हवालदार ती फाईल रोज इतर फायलींच्या तळाशी सरकवायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "बघू साहेब, आठवडाभर." त्यानं गाडीचा फोटो गाडीवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. तो फोटो फिरत फिरत शिंदखेड्याजवळच्या एका पंक्चरवाल्याच्या मोबाईलवर पोचला, आणि एका सकाळी त्याचा फोन आला. हवालदारानं स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस अहिराणीत बोलत होता.

"साहेब, आठे एक पिकअप ऊनी व्हती मनाकडे, पंक्चर काढाले. रंग नवा, सीट नवी, बठ्ठं नवं. पन हौदाना फळ्या जुन्या शेतस. त्यासवर काळा डाग शेतस."

हवालदार म्हणाला, "बाकी सगळं नवं आणि फळ्या तेवढ्या जुन्या, हे ठीक. पण डाग कुठल्याही गाडीला असतात, भाऊ."

"हाऊ डाग केळीना चीकना शे. मनी सासुरवाडी रावेरकडे शे, माले वळखू येस. गाडीवाला म्हणस, गाडी सुरूपासून सिमेंट वाहस. मी म्हनतू, आमना आठे केळी कोठे शे, साहेब?"

केळीचा चीक कपड्याला लागला तर कपडा फाटेपर्यंत डाग जात नाही. लाकडालाही तसंच. शिंदखेड्यासारख्या कापूस-ज्वारीच्या मुलखात सिमेंट वाहणाऱ्या गाडीच्या फळ्यांवर तो चीक कुठून आला, हा प्रश्न एका पंक्चरवाल्याला पडला. मला पडायला हवा होता तो त्याला पडला. मी स्टेशन डायरीला नोंद केली, तिकडच्या ठाण्याला कळवलं आणि हवालदाराला घेऊन निघालो.

गाडी एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याच्या आवारात उभी होती. व्यापारी पन्नाशीचा, पांढरे कपडे, बोलणं मऊ. "बसा साहेब, चहा सांगतो," म्हणत त्यानं आपण होऊन फाईल पुढे केली. त्यात सगळं होतं. एक पिकअप घाटात उलटून पूर्ण मोडली होती, ती त्यानं रीतसर विकत घेतली होती, दुरुस्त केली होती आणि आता स्वतःच्या कामाला लावली होती. चासीचा नंबर कागदाशी जुळत होता. इंजिनाचा नंबर जुळत होता.

"चासीला वेल्डिंग दिसतंय," मी म्हणालो.

"अपघातात वाकली होती साहेब. कापून जोडली."

"काचा सगळ्या नव्या?"

"उलटलेल्या गाडीची काच राहते का साहेब?"

"रंग?"

"अपघात."

मी काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर तयार होतं आणि ते एकच होतं. गाडी ताब्यात घेऊन आम्ही ठाण्याच्या आवारात लावली. तिसऱ्या दिवशी त्यानं गाडी परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज केला. सरकारी वकिलांनी माझी फाईल चाळली, चष्मा काढला आणि म्हणाले, "त्याच्याकडे कागद आहेत. तुमच्याकडे केळीचा चीक आहे." सुनावणीला चार दिवस होते. चार दिवसांत काही दाखवता आलं नाही तर गाडी त्याची, आणि आमच्या गाडीवाल्याच्या कपाळावर कायमचा शिक्का.

ओळख पटवायला जोडप्याला बोलावलं. नवऱ्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. दाराला हात लावला, हौद्यात चढला, खाली वाकून बघितलं. पण दाखवायला एकही खूण उरली नव्हती. आरशावरची रिबीन नव्हती, दारावर लिहिलेलं देवीचं नाव नव्हतं, फुटलेला दिवा नवा झाला होता.

"हीच हाये साहेब."

"कशावरून?"

"मी सात वर्षं चालवली. माही गाडी मी वयखनार नाही का?"

पंचनाम्यात 'मी ओळखतो' एवढं लिहून भागत नाही. व्यापारी वकिलाबरोबर कडेला उभा होता. तो हसला नाही, उलट सहानुभूतीनं मान हलवली, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

गाडीवाल्याची बायको इतका वेळ लांब उभी होती. ती पुढे आली, डाव्या बाजूचं दार उघडून आत बसली, आणि वर बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, हे वरचं कापड काढाले सांगा. आमची गाडी असंल तं टपाले आतून ठिपके असतील."

"कसले ठिपके?"

"जळके. निळे-काळे. नऊ ते पाच."

माझ्या शेजारचा हवालदार गडबडला, पण त्याच्यामागे उभी असलेली आमची महिला शिपाई लगेच म्हणाली, "रांगोळीचे साहेब. मधल्या ओळीत नऊ ठिपके, मग वर-खाली आठ, सात, सहा, पाच." माझ्या घरात रोज दारात रांगोळी पडत होती, आणि मला हे त्या दिवशी पोलीस ठाण्यात कळलं.

मी तिला तिथंच थांबवलं. पोलीस म्हणून त्या दिवशी मी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच. कापडाला कोणीही हात लावायचा नाही, असं सांगून मी गाडीपाशी पहारा ठेवला आणि तिला आत नेऊन दोन पंचांसमोर तिचा जबाब सुरू केला. तिनं जे सांगितलं ते असं.

आदल्या वर्षी श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत त्यांची गाडी वाजंत्र्यांना दिली होती. रस्त्यावरच्या विजेच्या तारा बांबूनं उचलून धरायला चौघं धटिंगण टपावर चढले, आणि टप परातीसारखा खोल बसला. गावातल्या मिस्त्रीनं तो ठोकून वर आणला, पण पत्रा सैल पडला. गाडी खड्ड्यातून गेली की टप 'डबक, डबक' वाजायचा. मग कोणीतरी भुसावळच्या एका म्हाताऱ्या डेंटरचं, आबांचं नाव सांगितलं. ही दोघं तिथं गेली. म्हाताऱ्यानं गॅसच्या ज्योतीनं टपावर नाण्याएवढी जागा लाल केली, ठोकली, ओलं फडकं दाबलं, पुढची जागा घेतली. काम दिवसभर चाललं. ती आत बसून खालून बघत होती. वर ज्योत लागली की आतून एक निळा-काळा ठिपका उमटायचा. ठिपक्यांची रांगोळीच पडत गेली.

"आन एक ठिपका कमी हाये," ती म्हणाली. "पाठीमागच्या पाचच्या ओळीत चारच. उजव्या हाताचा शेवटचा नाही. तेवढ्यात गॅस संपला. आबा म्हणले, राहू द्या, टप बसला. पन मले ते डोयाले खुपत होतं. रांगोळी अशी सोडत नाहीत ना. मग त्याईनं कापड लावून टाकलं."

तिचा जबाब वाचून दाखवला, सही घेतली. मग व्यापाऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवून विचारलं, टपाला काय दुरुस्ती केली? तो आरामात म्हणाला, "उलटलेली गाडी साहेब, टप चेपला होता. आमच्या मिस्त्रीनं ठोकून पुट्टी भरली. आतलं कापड जुनंच राहू दिलं." तेही लिहून घेतलं, सही घेतली.

हवालदारानं ठाण्यातल्या मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं आणि टपावरून फिरवलं. पुट्टी असती तिथं ते घसरलं असतं. या टपाला ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गच्च चिकटत गेलं. म्हणजे पुट्टी चिमूटभरही नव्हती. मग पंचांसमोर आतलं कापड उसवलं.

ठिपके होते. नाण्याएवढे, निळसर काळे, एकाआड एक रांगेत बसवलेले. महिला शिपाई बोट धरून मोजत गेली. नऊ. आठ आणि आठ. सात आणि सात. सहा आणि सहा. पुढची पाच. मागची... चार. उजवीकडचा शेवटचा नव्हता.

गाडीवाला चाकाला टेकून खाली बसला आणि गमछ्यात तोंड घालून रडायला लागला. इतक्या वर्षांत मी बोटांचे ठसे पाहिले, चपलांचे पाहिले, टायरचे पाहिले. एका बाईच्या डोळ्याला खुपलेला न काढलेला ठिपका पुरावा म्हणून मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पण व्यापारी कच्चा नव्हता. अर्ध्या तासात त्यानं पवित्रा बदलला. "पुट्टीचं माझ्या लक्षात चुकलं साहेब. मिस्त्रीनं गॅसवरच केलं असेल. ठिपके त्याचेच. त्या बाईनं कापड कधीतरी उचकटून बघितलं असेल." वकिलानंही मान डोलावली. आता दोनच माणसं सांगू शकत होती की ठिपके कोणाचे. त्याचा मिस्त्री आणि भुसावळचे आबा.

आबांना आणायला मी स्वतः गेलो. रेल्वेच्या वसाहतीपलीकडे पत्र्याची शेड, वय सत्तरीच्या पुढं, कानानं कमी. हयात रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचे पत्रे सरळ करण्यात गेलेली. मी पोलीस म्हटल्यावर त्यांनी हातातली हातोडीसुद्धा खाली ठेवली नाही.

"आबा, ही ठिपक्यांची भानगड मला समजावून सांगा," मी म्हणालो.

"पत्र्याला मार लागला की तो ताणतो," ते म्हणाले. "ठोकून सपाट केला तरी ताणलेला तो ताणलेलाच. वाढलेला पत्रा जाणार कुठं? मग तो इकडून दाबला की तिकडं उडतो. त्याला पुट्टी लावून काय होणार? तापवायचा. लाल झाला की ठोकायचा, आणि लगेच पाणी. गार होताना तो आखडतो, आणि आधीपेक्षा जास्त आखडतो. बस, हेच काम."

"मग तुमचे ठिपके आणि दुसऱ्याचे, यात फरक काय?"

मी काहीतरी अपमानाचं बोललो असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मोटारवाले बाहेरून गोल फिरत आत येतात. शंखासारखं. आमचं डब्याचं काम. वीस फुटांच्या पत्र्यात गोल फिरत बसलो तर गाडी कधी सुटायची? आम्ही रांगेनं जातो, पुढच्या ओळीचे ठिपके मागच्या ओळीच्या मधल्या जागांत. पन्नास वर्षं हात असाच चालतो. आता बदला म्हटलं तर बदलणार नाही."

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात दोन गॅसच्या टाक्या, दोन हातोड्या आणि भंगारातले दोन बॉनेट मांडले. दोन्हींना सारखाच पोचा. एकीकडे आबा, दुसरीकडे पिंपळनेरहून आणलेला व्यापाऱ्याचा मिस्त्री. मधे पंच, व्हिडीओ काढणारा शिपाई, आणि बाजाराला आलेली अर्धी जनता कुंपणाबाहेर. मी वरिष्ठांना फोनवर सगळं सांगितलं होतं, तेव्हा ते म्हणाले, "करा. पण नीट लिहून ठेवा."

आबांनी पत्र्यावरून तळहात फिरवला, डोळे मिटून. मग ज्योत लावली. एक ठिपका, हातोडीचे चार हलके ठोके, ओलं फडकं, चर्र आवाज आणि वाफ. दुसरा ठिपका शेजारी. तिसरा. खालची ओळ मधल्या जागांत. वीस मिनिटांत त्यांनी बोट लावून दाबून दाखवलं, पत्रा हलला नाही. बॉनेट उलटा केला. खाली तशीच ठिपक्यांची ओळ, एकाआड एक.

मिस्त्री पस्तिशीचा, हाताला रंग लागलेला. वाईट कारागीर नव्हता, पण पुट्टीवरच वाढलेला. ज्योत हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. त्यानं बाहेरून गोल सुरुवात केली, एका जागी ज्योत जास्त वेळ धरली आणि पत्र्याला भोक पडलं. कुंपणाबाहेर कोणीतरी हसलं. आबा मात्र हसले नाहीत. ते त्याच्याजवळ गेले, त्याच्या हातातली ज्योत बंद केली आणि म्हणाले, "अरे, तुझं काम रंगाचं. रंग तू चांगला दिलास, मी बघितला. टपाचं काम माझं आहे. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव कशाला सांगतोस?"

मी त्याला ठाण्यात दोन तास उलटसुलट विचारलं होतं, तेव्हा तो बधला नव्हता. आबांच्या एवढ्या बोलण्यानं तो ढसाढसा रडला. त्यानं सांगितलं ते इतकंच की अपघाताच्या गाडीचं इंजिन आणि चासीचा नंबर असलेला तुकडा त्यानं या गाडीत बसवला, काचा बदलल्या, रंग दिला. टपाला हात लावला नाही, कारण टप चांगला होता. "आन या गाडीचा कापलेला तुकडा?" हवालदारानं विचारलं. तो म्हणाला, "मना शेडमागे भंगारमा शे. काढी देस."

पंचांसमोर निवेदन घेतलं आणि पिंपळनेर गाठलं. शेडमागच्या भंगारातून त्यानं स्वतःच्या हातानं लोखंडाचा हातभर तुकडा काढून दिला. हवालदारानं त्यावरचा गंज फडक्यानं पुसला आणि नंबर मोठ्यानं वाचला. माझ्या हातातल्या फिर्यादीवर तोच नंबर होता. चासी कापणारा माणूस लोखंड फेकून देत नाही, कारण जाड लोखंड पुन्हा उपयोगी पडतं. त्या सवयीनंच व्यापाऱ्याला बुडवलं. पुढे त्याच्याकडून आणखी काही गाड्या निघाल्या, पण तो तपास वेगळा.

न्यायालयानं गाडी आमच्या फिर्यादीला परत दिली. 'ब समरी'चा कागद मी हवालदारासमोर फाडला. तो म्हणाला, "साहेब, मी तर आठवडाभरच मागत होतो." पदकं मिळाली, बदलीच्या वेळी निरोपाचे हार मिळाले, पण नोकरीत छाती इतकी भरून आल्याचं मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

तरीही एक काम उरलं होतं आणि ते कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. मी गणवेशात, सरकारी गाडीनं त्याच्या गावी गेलो. पारावर माणसं बसली होती. मी त्याला बोलावलं, शेजारी उभं केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "यांची गाडी खरंच चोरीला गेली होती. हे खरं बोलत होते आणि मी चुकलो होतो. यापुढे कोणी यांना गाडी विकली म्हणालं, तर त्यानं आधी माझ्याकडे येऊन बोलावं." त्याच्या बायकोनं घरातून पाणी आणून दिलं. आभार वगैरे काही मानले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. चोरीची गाडी सापडली याचा अभिमान आहेच, पण त्या पारावरच्या तीन वाक्यांचा जास्त आहे.

या प्रकरणानं मला शिकवलं ते असं. खोटं सापडलं की आपण पोलीस खूश होतो, जणू तपास संपला. पण माणूस एका जागी भीतीनं खोटं बोलतो, म्हणून तो सगळीकडेच खोटा नसतो. आणि ज्याचे सगळे कागद खरे आहेत त्याची गाडी चोरीची असू शकते. मी तिच्या नवऱ्याला फाडून खाल्लं त्याच दिवशी ती बाई दारात उभी राहून मला हेच सांगत होती.

निवृत्तीनंतर एकदा रावेरकडे लग्नाला गेलो होतो. परतताना रस्त्यावर बसची वाट पाहत उभा होतो, तर एक पिकअप थांबली. तोच. शेजारी ती. दोघांनी मला मधे जागा करून दिली. बसलो आणि मान वर गेली. टपाला कापड नव्हतंच. त्यांनी ते परत लावलंच नाही. ठिपके उघडे होते, आणि मागच्या ओळीतली जागा तशीच मोकळी होती.

"तो एक भरून घ्यायचा की," मी म्हणालो. "आबा आहेत ना अजून?"

"हायेत. पन नको," ती म्हणाली. "आता नाही खुपत."

नाक्यावर त्यानं गाडी थांबवली आणि चहा सांगायला उतरला. टपरीपाशी आम्ही तिघं उभे राहिलो. पोलिसाची सवय जात नाही. मी विचारलं, "चावी?"

"खिशात हाये साहेब," तो पटकन म्हणाला.

मी गाडीकडे बघितलं. चावी गाडीलाच लटकत होती. बायकोनं पदर तोंडाला लावला. तो ओशाळून माझ्याकडे बघायला लागला, अगदी त्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभा होता तसा. मी गेलो, चावी काढली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणालो, "चावीचं खोटं. गाडीचं खरं. चला, चहा गार होतोय."